रंग उतरवण्याआधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघते आणि माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. अशाच एका पेटीतली वस्तू रुमालात गुंडाळून माझा भाचा एके दिवशी घरी आला. "मामा, हा बघा, आजोबांच्या पेटीत सापडला." रुमालात बोटभर उंचीचा एक घोडेस्वार होता. अंगावर ऑइल पेंटचे जाड थर, नाक-डोळे बुजलेले, घोड्याच्या आयाळीचा नुसता गोळा झालेला. "याचा रंग काढायचाय. खाली मूळचं सगळं शाबूत असेल. थिनरमध्ये बुडवून ठेवू का रात्रभर?"

मी म्हटलं, "थांब. आणि आधी हात धुऊन ये."

आजचं माझं बोलणं या दोन सूचनांभोवतीच फिरणार आहे. थांबायचं कशासाठी आणि हात धुवायचे कशासाठी, हे एकदा कळलं की बाकीचं काम सोपं आहे.

छोट्या प्रतिकृती जमवण्याचा आणि रंगवण्याचा छंद युरोपात, त्यातही इंग्लंडात, फार बहरला. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ साली पोकळ ओतीव शिशाचे सैनिक बाजारात आणले आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांतली मुलं त्यांच्यावर वाढली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने छोट्या मोटारी विकायला सुरुवात केली. त्याआधी त्यांचं नाव होतं 'मॉडेल्ड मिनिएचर्स'. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे आपल्याकडे कलकत्त्याला आले आणि 'निकी टॉइज' नावाने त्याच मोटारी इथे निघू लागल्या. आज त्यांत प्लॅस्टिकच्या विमानांची भर पडली आहे, पटावरच्या युद्धखेळांतल्या २८ मिलिमीटर उंचीच्या योद्ध्यांची भर पडली आहे, आणि अलीकडे घरच्या यंत्रावर छापून काढलेल्या रेझिनच्या मूर्तींचीही.

यांचा रंग काढावा असं का वाटतं? एक साधा हिशेब सांगतो. २८ मिलिमीटरचा पुतळा म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाचा. त्याच्यावर पाव मिलिमीटर जाडीचा रंग चढला, तर खऱ्या माणसाच्या तोंडावर दीड सेंटिमीटर जाडीचा लेप थापल्यासारखं होतं. मग ओठ कुठले आणि पापण्या कुठल्या! रंगवणारा नवशिका असेल, किंवा एकावर एक तीन हात दिले गेले असतील, तर मूर्तिकाराने कोरलेलं सगळं त्याखाली गाडलं जातं. ते परत वर काढायचं म्हणजे रंग उतरवायचा.

आता पहिली पायरी. रंगाकडे बघू नका, रंगाच्या खाली काय आहे ते बघा. रंग कशाने जाईल हा प्रश्न दुसरा. आतली वस्तू कशाने जाणार नाही, हा पहिला.

हा धडा मी स्वतः किंमत मोजून शिकलो. कॉलेजात असताना मी एक प्लॅस्टिकचं स्पिटफायर विमान जोडलं होतं, बाहत्तरपट लहान. रंग बिघडला म्हणून ते थिनरच्या वाटीत ठेवून झोपलो. सकाळी वाटीत विमान नव्हतं. तळाशी हिरवट-करडा चिकट गोळा होता आणि त्यातून एका चाकाचा तुकडा वर आला होता. ही विमानं ज्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची असतात, ते थिनरमध्ये विरघळतं. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्येही विरघळतं. मी रंग काढायला गेलो होतो, रंगाबरोबर विमानच काढून बसलो.

तेव्हा आपल्या हातातली वस्तू कोणत्या घराण्यातली आहे ते ठरवा. हलकी, कडक, नखाने वाजवली की टकटक करणारी, ती बहुधा प्लॅस्टिकची. छापील रेझिनची मूर्ती ठिसूळ असते, तिच्यावर बारीक आडव्या रेघांचे थर दिसतात. डिंकीसारख्या मोटारी जस्ताच्या मिश्रधातूच्या, म्हणजे बव्हंशी जस्त आणि सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम. हा धातू कडक असतो, नखाने ओरखडा उठत नाही. आणि जुने सैनिक शिशाचे. आकाराच्या मानाने जड, मऊ, आणि उघडा पडलेला भाग कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. ही परीक्षा घ्याल तर हातमोजे घालून घ्या.

पाचवं घराणं आपल्या अंगणातलं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे आणि प्लॅस्टरचे मावळे. त्यांचा रंग उतरवायच्या भानगडीत पडूच नका. कच्ची माती पाण्यानेच विरघळते, प्लॅस्टर पाणी पिऊन भुसभुशीत होतं. त्यांच्यावर पातळ हाताने दुसरा रंग द्यावा हेच बरं.

दुसरी पायरी रंग ओळखण्याची. आजकाल छंदाचे बहुतेक रंग ॲक्रिलिक असतात. ते पाण्यात कालवता येतात. पण एकदा वाळले की पाण्याने जात नाहीत. स्पिरिटने मात्र ते फुगतात, मऊ पडतात आणि पापुद्रा सुटावा तसे सुटतात. दुसरे तेली, इनॅमल रंग. ते नुसते वाळत नाहीत, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट बनतात. त्यामुळे जितके जुने तितके चिवट. तिसरा कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला रंग, जुन्या मोटारींवरचा. त्याच्यापुढे स्पिरिटचं फारसं चालत नाही.

कोणता रंग आहे हे कळायला एक सोपी युक्ती आहे. कान कोरायच्या काडीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि वस्तूच्या पोटाखाली, पायाच्या तळाशी, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी अर्धा मिनिट दाबून ठेवा. कापसाला रंग लागला आणि खालचं प्लॅस्टिक किंवा धातू जसाच्या तसा राहिला, तर पुढे जायला हरकत नाही. खालचा पृष्ठभाग चिकट, पांढुरका झाला, तर तिथेच थांबा. पोटाखालचा डाग कुणाला दिसत नाही, पण तो तुम्हाला सगळं सांगून जातो.

हे आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे काही दुर्मीळ रसायन नव्हे. २०२०च्या करोनाच्या साथीत आपण हातावर जे चोळत होतो, त्यातल्या काही सॅनिटायझरांत तेच होतं. औषधाच्या दुकानात ते मिळतं. प्लॅस्टिकवरच्या ॲक्रिलिक रंगासाठी मी ते पहिलं मानतो. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत वस्तू बुडेल इतकं घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा काढून दात घासायच्या मऊ ब्रशने घासून बघायचं. निघत नसेल तर पुन्हा बुडवायचं. काही रंग पाऊण तासात जातात, काहींना दोन-चार तास लागतात. सांदीकोपऱ्यातला रंग लाकडी टूथपिकने काढायचा. सुई आणि ब्लेड लांब ठेवा, रंगाआधी त्यांनी नाक जातं. छापील रेझिनची मूर्ती मात्र तासन्‌तास बुडवून ठेवू नका. ती अल्कोहोल शोषून घेते, फुगते आणि तडकते. तिला मिनिटांचा हिशेब लावा.

या अल्कोहोलचा एक मोठा दोष आहे. ते साधारण १२ अंश सेल्सियसच्या पुढे पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. आपल्याकडे थंडीतसुद्धा दुपार १२ अंशांच्या वर असते. म्हणजे बरणीचं झाकण उघडलं की वाफ निघाली. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, टेबलावरून उतरते आणि जमिनीलगत पसरते. त्या खोलीत देवापुढे समई तेवत असेल, उदबत्ती असेल, पलीकडे गॅसची शेगडी चालू असेल, तर पुढचं सांगायला नको. शिवाय अल्कोहोलची ज्योत भर दुपारी नीट दिसतही नाही. म्हणून हे काम स्वयंपाकघरात नको आणि देवघराशेजारी नको. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी करा. आणि घरात चष्मे-दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असेल, तर त्यात अल्कोहोल ओतू नका. तिथे साबणाचं पाणीच बरं.

ज्यांना आगीची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी इंग्लंडातल्या छांदिष्टांनी एक जुना उपाय शोधून ठेवला आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. डेटॉल! पाणी न घालता, तसंच्या तसं. वस्तू त्यात एक दिवस ठेवली तर ॲक्रिलिक रंग सालीसारखा सुटतो आणि प्लॅस्टिक सहसा सुरक्षित राहतं. पण यात एक खोच आहे. सुटलेला रंग अंगावर असताना वस्तू नळाखाली धरलीत, तर रंग आणि डेटॉल मिळून असा काही चिकट काला होतो की तो पुन्हा निघता निघत नाही. म्हणून पहिलं घासणं डेटॉलमध्येच करायचं. मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या डेटॉलमध्ये खळबळायचं, आणि रंग पूर्ण गेल्यावरच साबण आणि पाणी. शेगडीपासून तेही दूरच ठेवा, कारण त्यातही थोडं अल्कोहोल असतंच. निव्वळ डेटॉल त्वचेला पोळतं, तेव्हा हातमोजे हवेतच. घरात मांजर असेल तर बरणी तिच्या वाटेत ठेवू नका. त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजरांना विषारी आहे.

आता धातूच्या मोटारी. आधी चाकं, काचा, आतल्या बैठकी असं जे जे वेगळं करता येईल ते वेगळं करा, कारण ते रबर आणि प्लॅस्टिक असतं. भाजलेल्या रंगासाठी बाजारात दाट, जेलीसारखे रंग काढणारे लेप मिळतात. विकत घेताना डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. त्यात डायक्लोरोमिथेन किंवा मिथिलीन क्लोराइड हे नाव दिसलं तर डबा परत ठेवा. हे द्रव्य रंग फार झटपट उचलतं, पण त्याची वाफ श्वासातून आत गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद खोलीत, न्हाणीघरात काम करताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती ग्राहकांना असे रंग काढणारे लेप विकण्यावर बंदी घातली. दहा रुपयांच्या पातळ हातमोज्यांना ते जुमानत नाही.

कॉस्टिक सोड्याचाही मोह टाळा. तुंबलेला नळ मोकळा करायची पूड, भट्टी साफ करायचे फवारे यांत तो असतो. तेली रंग त्याने जातो हे खरं, पण जस्त आणि ॲल्युमिनियम या दोन्ही धातूंना तो खातो आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. मोटार काळवंडते, कडा झिजतात. डोळ्यात शिंतोडा उडाला तर मोटारीचा विचार करायलाही वेळ राहत नाही. कुणी ब्रेक ऑइल सुचवतात. तेही विषारी आहे; मुलाबाळांच्या घरात त्याची उघडी वाटी नको.

हे सगळं करूनही रंग हटला नाही तर? तर तो राहू द्या. घट्ट बसलेला पातळ रंग हा काही शत्रू नाही. त्यावर नवा रंग छान बसतो.

आता येतो शिशाकडे. भाच्याला हात धुवायला पाठवलं ते यासाठी. शिशाचा सैनिक हातात धरल्याने माणूस लगेच आजारी पडत नाही. पण जुन्या सैनिकांच्या धातूत शिसं आणि बरेचदा रंगातही शिसं. तो रंग कोरडा खरवडला, पॉलिश पेपरने घासला, की त्याची धूळ होते. ती बोटांवर बसते, टेबलावर बसते, आणि बोटांवरून पोळीवर जाते. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला शिसं मारक असतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की रक्तातल्या शिशाचं निर्धोक असं कोणतंच प्रमाण ठाऊक नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ला. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही रंगावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही.

म्हणून शिशाच्या वस्तूचा रंग कोरडा कधीच घासायचा नाही. उष्णता द्यायची नाही. शुद्ध शिसंसुद्धा ३२७ अंशांना वितळतं, आणि कथील मिसळलेलं त्याहून आधी. व्हिनेगर लावायचं नाही, कारण आम्लाने शिशाचा विषारी क्षार तयार होतो. अंगावर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकायची नाही, ती शिशाचीच आहे. जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा, हातमोजे घालायचे, काम ओलं करायचं, आणि झाल्यावर ओल्या फडक्याने टेबल पुसून ते फडकंही टाकून द्यायचं. लहान मूल आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत.

उरलेल्या द्रावणाचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. बेसिनमध्ये ओतायचं नाही. बरणी दोन दिवस स्थिर ठेवली की रंगाचा गाळ खाली बसतो. वरचं निवळ अल्कोहोल जुन्या फडक्यातून गाळून पुन्हा वापरता येतं. गाळ कागदावर वाळवून, पिशवीत बांधून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचा. आणि हात जोडून एक विनंती. हे द्रावण सरबताच्या, पाण्याच्या, थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. अल्कोहोल पाण्यासारखं दिसतं. तहानलेलं मूल वास घेऊन बघत नाही. बरणीवर ठळक अक्षरात 'विष' लिहा आणि ती उंच फळीवर, कुलपात ठेवा.

आता त्या घोडेस्वाराची गोष्ट पुरी करतो. भाचा हात धुऊन आला. बोलता बोलता म्हणाला की त्याची तीन वर्षांची मुलगी दोन दिवस या घोड्याशी खेळत होती आणि एकदा तो तिच्या तोंडातही दिसला होता. मी घोड्याचं राहू दिलं आणि त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मुलीच्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं. आकडा काळजी करण्याजोगा नव्हता. तो कळेपर्यंतचे चार दिवस मात्र त्या घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही.

मग आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो. घोड्याच्या पोटाखाली कापसाची काडी लावली. वरचा तेली रंग हलला नाही. पण एक टवका आधीच उडालेला होता आणि त्यातून खालचा लाल रंग दिसत होता. हा मूळचा लाल डगल्यातला इंग्रज स्वार. वर मात्र भगवा. डोक्यावर इंग्रजी शिरस्त्राण असावं, त्यावर लांबीचा थर देऊन कुणीतरी पागोटं घडवलं होतं. भाल्याच्या टोकाला कागदाचं इवलं निशाण चिकटवलेलं होतं, त्याचा तुकडा अजून शिल्लक होता.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा दिवाळीत किल्ला करायचे. बाबा सांगतात, वाड्यातली सगळी मुलं त्यांच्या किल्ल्यावर यायची." दुकानात मावळा घोडेस्वार मिळाला नसेल, म्हणून त्या मुलाने साहेबाच्या सैनिकाला मावळा केलं होतं. आम्ही जो ओबडधोबड थर काढून टाकायला निघालो होतो, तोच त्या वस्तूतला खरा ऐवज होता. खालचा लाल रंग कारखान्याचा होता, तसे हजारो निघाले असतील. वरचा भगवा एकाच मुलाच्या हातचा.

जुन्या वस्तू जपणाऱ्यांचा एक शिरस्ता आहे. जे परत करता येणार नाही ते सावकाश करावं, आणि शक्यतो करूच नये. रंग चढवता कधीही येतो, उतरवलेला परत येत नाही. डिंकीच्या जुन्या मोटारींचे जाणकारसुद्धा टवके उडालेली मूळ रंगाची मोटार पसंत करतात, नव्याने रंगवलेली चकचकीत नव्हे. म्हणून मी म्हणतो, तुमच्याच हाताने बिघडलेलं विमान असेल, बाजारातून आणलेली कुणीही कसाही फासलेली मूर्ती असेल, तर खुशाल उतरवा. पण घरातल्या पेटीतून निघालेली वस्तू असेल, तर आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ती दाखवा.

तो घोडेस्वार आता भाच्याच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, मुलीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. प्लायवूडच्या नव्या कपाटात ठेवू नकोस, एवढं मी सांगितलं, कारण नव्या लाकडाच्या आम्लाच्या वाफेने शिसं खराब होतं. मुलगी खालून बोट दाखवून त्याला "पणजोबांचा घोडा" म्हणते. आणि यंदाच्या किल्ल्यासाठी तिने मातीचा मावळा आणला आहे. तो तिने स्वतः रंगवलाय, चांगला जाड. त्याचे नाक-डोळे बुजलेत.

तो रंग कुणीही काढणार नाही.